थर्मोस्टॅट कोणाच्या हातात? वॉटर्लूच्या हिवाळ्यासाठी खोली निवडताना

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर पालकांनाही संदर्भ लागेल. आपली मुलगी जानेवारीपासून कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातील वॉटर्लू येथे पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणार आहे आणि तिच्यापुढे दोन खोल्या आहेत. एक खोली घराच्या बेसमेंटमध्ये आहे. तिचे भाडे वीज, पाणी व तापन धरून महिना 650 डॉलर आहे आणि ती विद्यापीठापासून साडेचार किलोमीटरवर आहे. वर मालकाचे कुटुंब राहते, तर खाली चार मुली व त्यांचे वेगळे स्वयंपाकघर आहे. दुसरी खोली विद्यापीठापासून पायी बारा मिनिटांवरच्या उंच इमारतीत, पाच खोल्यांच्या सदनिकेत असून तिचे भाडे 890 डॉलर आणि वर विजेचे बिल असे आहे. बेसमेंटचा मालक पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचे भाडे, शिवाय 500 डॉलर अनामत आणि पुढच्या तारखांचे बारा धनादेश मागतो आहे. महिन्याला 240 डॉलर वाचत असतील तर बेसमेंटची खोली घ्यावी का, असे आपण विचारले आहे आणि सोबत तीन छायाचित्रे पाठवली आहेत.

मी गेली सतरा वर्षे ओंटारियोत घरतपासणीचे काम करतो आणि त्यातला बराच काळ विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेल्या घरांत गेला आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, ही खोली आज आहे त्या स्थितीत घेऊ नये. मात्र त्याचे कारण ती बेसमेंटमध्ये आहे हे नव्हे. चांगली, कोरडी आणि उबदार बेसमेंट मी शेकड्याने पाहिली आहेत, आणि दहाव्या मजल्यावरच्या काचेच्या भिंतीशेजारी कुडकुडणारी मुलेही पाहिली आहेत. थंड प्रदेशात खोलीची किंमत भाड्याच्या आकड्यावरून ठरत नाही. जानेवारीच्या एका महिन्यात ती उबदार ठेवायला, तिथपर्यंत पोहोचायला आणि वेळ आली तर तिच्यातून बाहेर पडायला काय लागते, यावरून ती ठरते.

आधी आपण पाठवलेल्या दुसऱ्या छायाचित्राबद्दल लिहितो, कारण माझा निर्णय बराचसा त्यावरच झाला. पलंगाच्या वर छताला लागून एक आडवी खिडकी आहे आणि तिच्या शेजारी भिंतीवर एफोर आकाराचे कॅलेंडर उभे टांगलेले आहे. एफोर कागदाची लांबी 297 मिलिमीटर असते आणि छायाचित्रात खिडकीच्या काचेची उंची त्या कॅलेंडरपेक्षा स्पष्टपणे कमी दिसते. ओंटारियोच्या बांधकाम नियमांनुसार, थेट बाहेर उघडणारा दरवाजा किंवा आगशामक फवारे नसलेल्या झोपण्याच्या खोलीला जी सुटकेची खिडकी लागते, तिचे मोकळे तोंड किमान 0.35 चौरस मीटर असावे लागते आणि त्याची कोणतीही बाजू 380 मिलिमीटरपेक्षा कमी असून चालत नाही. काही जुन्या घरांना नियमांतच वेगळे पर्याय दिलेले आहेत, त्यामुळे केवळ छायाचित्र पाहून मी त्या मालकाला बेकायदा ठरवणार नाही. परंतु जिन्याच्या बाजूने धूर येत असताना आपली मुलगी त्या फटीतून बाहेर निघू शकणार नाही, आणि माझ्या लेखी एवढ्यावर ती झोपण्याची खोली उरत नाही.

खिडकी पुरेशी मोठी असली तरी ती कुठे उघडते हे पाहावे लागते. बेसमेंटच्या खिडकीबाहेर जमिनीत खणलेला, पत्र्याने वेढलेला खड्डा असतो आणि हिवाळ्यात तो बर्फाने काठोकाठ भरतो. एका घरात मी फेब्रुवारीत तपासणीला गेलो असता खिडकी आतून चार बोटेसुद्धा उघडली नाही, कारण बाहेर बर्फाचा दगड झाला होता. त्याच घराच्या बाजूच्या भिंतीतून फर्नेसच्या, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीच्या, दोन पांढऱ्या प्लॅस्टिक नळ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर बाहेर आल्या होत्या आणि वाट साफ करताना कोणीतरी बर्फाचा ढीग नेमका त्यांच्यावरच रचला होता. आधुनिक गॅस फर्नेस यांपैकी एका नळीतून हवा आत घेते आणि दुसरीतून धूर बाहेर सोडते. त्या तुंबल्या की फर्नेस बंद पडते, आणि दैव वाईट असेल तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात साठतो. या वायूला रंग नसतो, वास नसतो, आणि डोके दुखू लागले तर माणसाला सर्दीची सुरुवात वाटते.

म्हणूनच अलार्मच्या बाबतीत मी कोणतीही तडजोड मान्य करत नाही. ओंटारियोत घराच्या प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांबाहेर धुराचा चालू स्थितीतील अलार्म असणे बंधनकारक आहे. जिथे गॅसवर चालणारे उपकरण किंवा घराला जोडलेले गॅरेज आहे, तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लागतो, आणि 1 जानेवारी 2026 पासून तो झोपण्याच्या जागेजवळ तर हवाच, पण प्रत्येक मजल्यावरही हवा. तो आहे, असे मालकाच्या तोंडून ऐकून समाधान मानू नये. व्हिडिओ कॉलवर त्याची चाचणीची कळ दाबायला लावून आवाज ऐकावा. इथे आपल्या मुलांचीही एक खोड सांगतो. मिरचीची फोडणी दिली की अलार्म कोकलतो, म्हणून त्याच्यावर शॉवर कॅप चढवलेली मी इतक्या घरांत पाहिली आहे की, आता मराठी किंवा तेलुगू मुले राहतात असे कळले की मी आधी छताकडेच बघतो. शेगडीवरचा पंखा हवा खरोखर बाहेर टाकतो की जाळीतून फिरवून परत खोलीतच सोडतो, हे विचारण्याचे कारण यातच आहे.

आता उबेकडे येतो. ओंटारियोच्या भाडेकरू कायद्याखालील नियमांप्रमाणे 1 सप्टेंबर ते 15 जून या काळात घरातील तापमान किमान 20 अंश सेल्सिअस राखणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि ते कुठे मोजायचे हेही ठरलेले आहे: जमिनीपासून दीड मीटर उंचीवर आणि बाहेरच्या भिंतीपासून एक मीटर अंतरावर. अर्थात पलंग जर बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल, तर कागदावर 20 अंश असूनही उशीपाशी 15 अंश असू शकतात. वॉटर्लूत जानेवारीचे सरासरी तापमान उणे 6 ते 7 अंशांच्या आसपास असते आणि काही रात्री ते उणे 20 च्याही खाली जाते, तेव्हा हा फरक अंगात शिरतो.

आपल्या प्रकरणात खरा प्रश्न असा आहे की थर्मोस्टॅट, म्हणजे घराचे तापमान ठरवणारी कळ, कोणाच्या हातात आहे. एकाच फर्नेसवर चालणाऱ्या घरात तो बहुधा वरच्या मजल्यावर, मालकाच्या दिवाणखान्यात असतो. गरम हवा वर जाते, स्वयंपाक व माणसांच्या वावरामुळे वरचा मजला लवकर तापतो, थर्मोस्टॅट समाधानी होऊन फर्नेस बंद करतो आणि खालची मुले स्वेटर चढवतात. यात मालकाचा वाईट हेतू असतोच असे नाही, कारण त्याला घर खरोखरच उबदार वाटत असते. परंतु जाहिरातीतल्या ‘सर्व समाविष्ट’ या शब्दांचा एक अर्थ असाही असतो की तापनाचा खर्च मालक भरतो, म्हणून किती तापवायचे हेही तोच ठरवतो. आपण त्याला सरळ विचारावे की थर्मोस्टॅट कुठे आहे, रात्री तो किती अंशांवर असतो आणि खाली किती अंश भरतात. आज खाली राहणाऱ्या मुलींपैकी एखादीशी मालकाच्या अपरोक्ष पाच मिनिटे बोलता आले, तर माझ्या या संपूर्ण परिच्छेदापेक्षा ते अधिक उपयोगी पडेल.

उंच इमारतीत चित्र उलटे असते. तिथे बहुधा प्रत्येक खोलीत भिंतीच्या पायथ्याशी विजेचा बेसबोर्ड हीटर असतो, त्याची कळ मुलीच्या हाती असते आणि बिलही तिच्याच वाट्याला येते. दीड हजार वॉटचा हीटर दिवसाला दहा तास चालला तर 15 युनिट, म्हणजे महिन्याला 450 युनिट वीज लागते, आणि यात स्वयंपाक व गरम पाणी धरलेले नाही. वेळेनुसार दर लागू असतील तर हिवाळ्यात कामाच्या दिवशी सकाळी 7 ते 11 आणि संध्याकाळी 5 ते 7 या वेळांत वीज सर्वांत महाग असते, तर संध्याकाळी 7 नंतर पहाटेपर्यंत आणि शनिवार-रविवारी ती स्वस्त असते. पण अंदाज बांधत बसण्यापेक्षा त्या सदनिकेची गेल्या जानेवारी आणि फेब्रुवारीची बिले मागावीत व पाचने भागावे. सप्टेंबरचे बिल दाखवून कोणी ‘विजेचा खर्च नगण्य आहे’ असे म्हणत असेल, तर त्याने प्रश्नाला उत्तर दिलेले नाही.

ऊब कमी पडली की मुले दुकानातून छोटा हीटर आणतात आणि तिथून वेगळी जोखीम सुरू होते. कॅनडात घरगुती वीज 120 व्होल्टची असते. दीड हजार वॉटचा हीटर त्या दाबावर साडेबारा अँपिअर ओढतो, आणि खोल्यांचे साधे सर्किट 15 अँपिअरचे असते. दोन शेजारच्या खोल्या एकाच सर्किटवर असल्या आणि दोघींनीही हीटर लावला, की ब्रेकर पडतो. तो पडणे चांगलेच, कारण काळजी त्या एक्स्टेंशन वायरीची आहे जी गादीखालून जाते आणि तापत राहते. असा हीटर फक्त भिंतीतल्या सॉकेटलाच लावावा आणि झोपताना बंद करावा. भारतातून पाणी तापवायचा रॉड, इस्त्री किंवा मिक्सर नेण्याचा मोह टाळावा, कारण ती 230 व्होल्टची उपकरणे तिथे धड चालत नाहीत आणि त्यांचा प्लगही बसत नाही.

आपल्या तिसऱ्या छायाचित्रात कपाटामागच्या कोपऱ्यात तळाशी एक करडी छटा दिसते. ती सावलीही असेल, पण मला बुरशीचा संशय आहे. कोकणात किंवा कोल्हापूरकडे भिंतीला बुरशी धरते ती आषाढ-श्रावणात. वॉटर्लूत ती हिवाळ्यात धरते, जेव्हा बाहेरची हवा अगदी कोरडी असते, आणि म्हणूनच ती आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. चार मुलींचा श्वास, आंघोळी, खोलीत वाळत घातलेले कपडे आणि कुकरची वाफ यांतून आलेला ओलावा थंड भिंतीवर जाऊन बसतो, आणि कपाट भिंतीला टेकलेले असले की मागे हवा फिरत नाही. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या मुलीने अशी खोली टाळावीच. इतरांनी पलंग व कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे आणि हिवाळ्यात घरातील आर्द्रता 30 ते 40 टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे. खोली प्रत्यक्ष पाहताना मी एक उदबत्ती बरोबर नेतो. पेटवून खिडकीच्या चौकटीभोवती आणि दाराच्या उंबऱ्याशी हळूहळू फिरवली की जिथे धुराची रेघ मोडते तिथून वारा आत येतो. महागड्या कॅमेऱ्याने जे दिसते त्यातले निम्मे तरी दोन रुपयांच्या उदबत्तीने दिसते.

अंतराचा हिशेबही हिवाळ्याचाच करावा. साडेचार किलोमीटर म्हणजे सप्टेंबरात सायकलवर पंधरा-वीस मिनिटे, पण जानेवारीत तो बसचा प्रवास, वर थांब्यावरची वाट. वाऱ्यासह जाणवणारी थंडी उणे 28 ते उणे 39 या टप्प्यात असेल तर उघडी त्वचा 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते, आणि रात्री प्रयोगशाळेतून निघाल्यावर चुकलेली एक बस म्हणजे तेवढाच वेळ. जून 2019 पासून या शहरात आयॉन नावाची लाइट रेल्वे धावते आणि तिचे एक स्थानक विद्यापीठालगतच आहे. बेसमेंटचे घर तिच्या एखाद्या स्थानकापासून चालण्याच्या अंतरावर असेल तर साडेचार किलोमीटरचे ओझे पुष्कळ हलके होते, आणि नसेल तर 240 डॉलरच्या बचतीतून महिन्याला तीन-चार टॅक्सी वजा कराव्यात. बसचा पास विद्यापीठाच्या शुल्कात धरलेला आहे का, हे तिच्या शुल्कपत्रकावरच दिसेल.

पैशांच्या मागण्यांबाबत मात्र कायदा अगदी स्पष्ट आहे. आगाऊ म्हणून मालक फक्त शेवटच्या महिन्याचे भाडे घेऊ शकतो, शिवाय चावीसाठी परत करण्याजोगी आणि चावीच्या खऱ्या किमतीएवढीच रक्कम. नुकसानीपोटी 500 डॉलर अनामत घेणे ओंटारियोत बेकायदा आहे आणि पुढच्या तारखांच्या धनादेशांची सक्तीही करता येत नाही. शेवटच्या महिन्याच्या रकमेवर मालकाने दरवर्षी व्याज द्यायचे असते, हे पुष्कळ मालकांनाही ठाऊक नसते. भाडेकरार प्रांताने 30 एप्रिल 2018 पासून लागू केलेल्या प्रमाणित नमुन्यातच व्हायला हवा. मालकाने तो दिला नाही तर लेखी मागणी करता येते, आणि त्यानंतर 21 दिवसांतही तो न मिळाल्यास एक महिन्याचे भाडे रोखून धरता येते. एक बारकावा आपल्या प्रकरणात मुलीच्या बाजूने आहे: स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर मालकाशी सामायिक असते तर या कायद्याचे संरक्षण मुळातच लागू झाले नसते. इथे स्वयंपाकघर वेगळे आहे असे आपण लिहिले आहे, न्हाणीघराचेही तसेच आहे ना, एवढे विचारून घ्यावे.

मालक अनामत मागतो म्हणजे तो लबाडच असतो असे नाही, कित्येकांना नियम खरोखर माहीत नसतात. नियम दाखवल्यावर तो काय म्हणतो, यावर माझे मत ठरते. ‘बरे, मग शेवटचा महिना पुरे’ म्हणणाऱ्या माणसाबरोबर निभावते, आणि ‘दुसरे लोक रांगेत आहेत’ म्हणणारा फर्नेस बंद पडल्यावरही साधारण तेच म्हणतो. मालक आणि भाडेकरूंचे तंटे सोडवणारे प्रांतिक मंडळ आहे, पण निकाल लागायला महिने जातात आणि मुलीचे सत्र चारच महिन्यांचे असते. वॉटर्लूत घरे, जोडघरे अशा ठेंगण्या वास्तू भाड्याने द्यायच्या तर शहराचा परवाना लागतो आणि त्यासाठी घराचा आराखडा, तसेच वीज व तापनव्यवस्थेच्या तपासणीचे दाखले सादर करावे लागतात. पत्ता देऊन नगरपालिकेकडे चौकशी करावी. चार मुलींच्या खोल्या त्या आराखड्यात दाखवलेल्याच नसतील, तर खिडकीचे कोडेही तिथेच सुटेल.

इमारतीच्या करारातही एक अट नीट वाचावी. पाचही मुलींचा मिळून एकच करार असेल तर एकीने भाडे थकवले तरी मालक बाकीच्या चौघींकडून ते वसूल करू शकतो. प्रत्येकीचा स्वतंत्र करार असेल तर ही भीती राहत नाही, आणि अनोळखी मुलींबरोबर राहताना मी नेहमी स्वतंत्र कराराचाच आग्रह धरतो. भाडेकरूचा विमाही पहिल्याच दिवशी काढावा. त्यात एक गोम असते. पुढच्या डिसेंबरात सगळ्या जणी सुटीवर घरी निघाल्या आणि वीज वाचवायला हीटर बंद करून गेल्या, तर नळ गोठून फुटतात, आणि घर गरम ठेवले नव्हते किंवा अधूनमधून कोणी पाहून जात नव्हते, असे दिसल्यास बहुतेक पॉलिसी भरपाई नाकारतात.

खर्चाची चौकट म्हणून एक आकडा देतो. कॅनडा सरकार 1 सप्टेंबर 2025 पासून एकट्या विद्यार्थ्याकडे शुल्काव्यतिरिक्त राहण्याच्या खर्चासाठी वर्षाला 22,895 डॉलर असल्याचा पुरावा मागते, म्हणजे महिन्याला सुमारे 1,900. या चौकटीत 890 अधिक वीज बसते, पण सैल बसत नाही, त्यामुळे आपली काटकसर मला समजते.

त्यासाठी तिसरा मार्ग सुचवतो, जो वॉटर्लूतली मुले स्वतः वापरतात. इथल्या विद्यापीठात चार महिने शिक्षण आणि चार महिने नोकरी अशी पाळी असलेले अभ्यासक्रम फार आहेत, त्यामुळे जानेवारी ते एप्रिल या काळात कितीतरी मुले दुसऱ्या शहरात कामाला जातात आणि बारा महिन्यांच्या कराराने घेतलेली आपली खोली त्या अवधीसाठी पोटभाड्याने देतात. खोली रिकामी ठेवण्यापेक्षा थोडे कमी मिळाले तरी चालेल, अशा विचाराने ती पुष्कळदा मूळ भाड्यापेक्षा स्वस्तात मिळते. मात्र मालकाची लेखी संमती आणि मूळ करार, या दोन्ही गोष्टी पाहिल्याशिवाय एक डॉलरही पाठवू नये. चावी देण्याआधी परदेशी खात्यात पैसे मागणारा, किंवा ‘सध्या मी शहराबाहेर आहे’ म्हणून व्हिडिओ कॉल टाळणारा माणूस खोलीचा मालकही नसतो आणि भाडेकरूही नसतो.

असे चार महिने काढल्यावर मुलीला स्वतःलाच कळेल की तिला बेसमेंट सोसते की नाही, बस कुठे चुकते आणि कोणाबरोबर राहावेसे वाटते. पुढे मे महिन्यापासूनच्या सत्रात शहर बरेच रिकामे होते, भाडी नरमतात आणि खोल्या प्रत्यक्ष पाहून निवडता येतात. तोपर्यंत बेसमेंटच्या मालकाला आपण आजच तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: खिडकी पूर्ण उघडून मोजपट्टीसह छायाचित्र, शहराच्या परवान्याचा क्रमांक आणि खालच्या मजल्यावर थर्मोस्टॅट आहे की नाही. उत्तरे आली की छायाचित्रासह मला पाठवा, खिडकीचे माप मी पाहतो.